सात जण उभे राहिले तर

रविवार, ११ जानेवारी १९८७

ही वही एव्हरेटने नाताळात दिली. म्हणाला, "आई, दिवसभर भिंतींशी बोलतेस, त्यापेक्षा हिच्यात लिहीत जा." त्रेचाळीस वर्षांचा घोडा झाला, पण आईशी कसं बोलावं ते कळत नाही. भिंती निदान उलट उत्तरं देत नाहीत.

तर घ्या. हेस्टर पेटिंगिल, वय अडुसष्ट. नवऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली. ॲल्डन हॉलोच्या शाळेत एकतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. या गावात पन्नाशीच्या आतल्या ज्या कोणाला राज्यघटनेची प्रस्तावना न अडखळता म्हणता येते, त्याच्याकडून ती मी घोकून घेतलेली आहे. यंदा अमेरिकेच्या घटनेला दोनशे वर्षं पुरी होतात, म्हणून गावाने मला भाषण करायला सांगितलंय. विषय: नागरिकाचे हक्क आणि कर्तव्यं. मे महिन्याच्या शेवटी, युद्धात गेलेल्यांच्या स्मृतिदिनी, बँड वाजून झाल्यावर. पहिलं वाक्य तयार आहे: 'हक्क म्हणजे कपाटात ठेवायचे दागिने नव्हेत.' फक्कड जमलंय. पुढचं सुचेल तसं.

मंगळवार, २० जानेवारी

ओडील आली होती. दारात बूट झटकायचंही भान नव्हतं, माझ्या धुतलेल्या फरशीवर बर्फाचं तळं केलं.

"हेस्टर, माझं घर विकतायत."

"कोण विकतंय?"

"गावचे पंच. रॉयस कॅन्फील्डला. त्याला लाकडं रचायला जागा हवीय म्हणे. घर पाडणार आणि मागची अकरा एकर सपाट करणार."

घर तसं तिचं नाहीच. गावाचं आहे, दफनभूमीला लागून. तिचा नवरा आर्माँ थडगी खणायचा, गवत कापायचा, त्याबदल्यात गावाने राहायला दिलेलं. तो गेल्यावर बारा वर्षं तेच काम ती करते. सैनिकांच्या थडग्यांवर झेंडे लावते, माझ्या नवऱ्याच्या थडग्यावर जिरॅनियम लावते. भाडं कोणी मागितलं नाही, तिनेही कधी पगार मागितला नाही. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिने जायचं कुठे? लेक ओहायोत असते, तिसऱ्या मजल्यावर, तीन पोरं आणि एक कुत्रा घेऊन.

मी म्हटलं, "असं कोणाच्या मनात आलं म्हणून विकता येत नाही. मार्चमध्ये गावसभा आहे. तिथे गाव ठरवेल. पंच नोकर आहेत, मालक आपण."

"ते तू मला तेव्हा शिकवलंस," ती म्हणाली. "नागरिकत्वाच्या परीक्षेला. पहिला प्रश्न हाच होता."

खरंच की. छप्पन्न साल. याच टेबलाशी बसून. कॅनडातल्या क्वेबेकहून आलेली ही बाई, इंग्रजी नाकातून बोलायची, पण सरकारचे तीन भाग कोणते ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायची. परीक्षा झाली त्या दिवशी तिने माझ्यासाठी मांसाचं सारण भरलेली पाई केली होती, आणि आर्माँ रडला होता. मला विसर पडला होता.

शुक्रवार, ३० जानेवारी

पोस्टाच्या दारावर सभेची नोटीस लागली. विषय सतरावा: गावाच्या मालकीचं घर आणि अकरा एकर जमीन विकण्यास पंचांना मान्यता द्यावी काय. मंगळवार, ३ मार्च, सकाळी नऊ, शाळेचा हॉल. एकेकजण वाचायचा आणि खाली मान घालून पुढे जायचा. गावातली निम्मी घरं कॅन्फील्डच्या लाकूडगिरणीवर जगतात. उरलेल्या निम्म्यांचे मेव्हणे तिथे कामाला आहेत.

ओडील म्हणाली, "सगळ्यांना माझं वाईट वाटतं गं. काल दुकानात तिघींनी माझा हात धरला. पण रॉयस समोर उभा असताना हात वर कोण करणार?"

मग मी तिला नियम सांगितला. सभेत सात मतदारांनी उभं राहून मागणी केली, की अध्यक्षाला चिठ्ठ्या वाटाव्याच लागतात. मग तोंडी होय-नाही नाही, हात वर करणं नाही. पडद्याआड जायचं, लिहायचं, घडी घालायची. कोणाच्या बापाला कळत नाही कोणी काय लिहिलं.

"सात? नुसती सात माणसं?"

"नुसती सात."

तिचा चेहरा असा उजळला की मला माझाच अभिमान वाटला. एकतीस वर्षं शिकवलेलं एखादं तरी वाक्य कोणाच्या उपयोगी पडलं. ती बोटांवर मोजायला लागली. ती स्वतः. पाद्रीबाबा. निवृत्त पोस्टमन. शेळ्या पाळणाऱ्या दोघी बहिणी. "आणि तू," ती म्हणाली.

"ते सांगायला हवं का? मला पहिली धर," मी म्हटलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

एव्हरेट छपरावरचा बर्फ पाडायला आला. माझं झाल्यावर न सांगता ओडीलचं छप्परही साफ करून आला. कॉफी पिताना म्हणाला, "रॉयसने बोलावलं होतं. मेपासून गिरणीचा मॅनेजर हो म्हणतोय."

मी उठून त्याच्या डोक्याचा मुका घेतला. बावीस वर्षं करवतीच्या धुरळ्यात काढली पोराने, फोरमनच्या पुढे सरकला नाही. बायको सोडून गेली ती याच कारणाने, की हा कधी वर चढणार नाही. मी म्हटलं, "अरे, बोल की काही! तोंडात मिठाची गुळणी धरून बसलायस."

"बघू," तो म्हणाला. मग बराच वेळ कप फिरवत बसला. "आई, त्या सात जणांचं काय ठरलंय?"

म्हणजे गिरणीवर कुणकुण पोचली! रॉयसनेच विचारायला पाठवलं असणार, दुसरं काय. बिचारा, आईची चहाडी करायची पाळी आली त्याच्यावर. मी म्हटलं, "मला काय माहीत? तू तुझ्या कामाचं बघ."

तो माझ्याकडे बघतच राहिला, आणि मग टोपी घालून गेला. जबाबदारीचं ओझं आलंय, दुसरं काही नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

दुकानात रॉयस कॅन्फील्ड भेटला. माझाच विद्यार्थी. मागच्या बाकावर बसून चाकूने बाक कोरायचा. अजूनही मला 'बाई' म्हणतो आणि माझी पिशवी गाडीपर्यंत आणून देतो.

"बाई, तुमचा एव्हरेट म्हणजे हिरा आहे."

"मला माहीत आहे. मीच घडवलाय."

तो हसला. "मेपासून गिरणी त्याच्या हातात. फक्त काय आहे, घरची माणसं पाठीशी असली की माणसाला काम सोपं जातं. तुम्हीच शिकवायचात ना, सगळं गाव म्हणजे एक कुटुंब?"

मी असलं काही कधी शिकवलेलं नाही. मी नेमकं उलट शिकवायचे. पण त्या वेळी जिभेवर आलं नाही. मी म्हटलं, "रस्ता निसरडा आहे, रॉयस, सांभाळून जा." घरी आल्यावर तीन झणझणीत उत्तरं सुचली. ती इथे लिहीत नाही, आता काय उपयोग.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

ओडीलकडे सहा झाले. गुरांचा डॉक्टर तयार झाला. चारशे बारा मतदारांच्या गावात सहा माणसं जमवायला चार आठवडे लागले. तिने गुरांच्या खाद्याच्या दुकानाच्या कॅलेंडरमागे नावं लिहिलीत, मोठ्या गोल अक्षरात, शाळकरी पोरीसारखी. सातव्या ओळीत माझं नाव आहे.

"तुला सगळ्यांत शेवटी का लिहिलं माहितीये?" ती म्हणाली. "तू उभी राहिलीस की सात पुरे. कॅनडातल्या माझ्या बहिणीला मी पत्रात लिहिलंय, माझी मैत्रीण शिक्षिका आहे, तिला सगळे कायदे पाठ आहेत."

मी तिला दुसरा कप कॉफी दिली आणि विषय बदलला.

भाषण पुढे सरकत नाही.

सोमवार, २ मार्च

उद्याच्या जेवणासाठी बीन्स भिजत घातल्या. चर्चच्या बायकांनी मला दोन मोठी भांडी सांगितलीत.

एव्हरेटचा फोन आला. "आई, उद्या येणार आहेस ना?" मी म्हटलं, छत्तीस वर्षांत एक गावसभा चुकवलेली नाही मी. तो म्हणाला, "नाही, नुसतं विचारलं." आवाज कसनुसा होता. घाबरलाय. मी काही करून बसेन आणि त्याच्या तोंडचा घास जाईल, ही भीती. मला ते न सांगता कळतं. आई आहे मी.

मंगळवार, ३ मार्च

जसं झालं तसं लिहायचं, असं ठरवून बसले आहे.

हॉल भरलेला. शंभर-सव्वाशे माणसं, घडीच्या खुर्च्या, ओल्या लोकरीचा वास. मी उजवीकडे तिसऱ्या रांगेत, कडेला. ओडील पुढे, निळी टोपी घालून. गिरणीची माणसं डावीकडच्या लांब बाकावर, एव्हरेट त्यांच्या टोकाला, म्हणजे मधली वाट सोडली तर माझ्या समोरच. रॉयस बसला नव्हता. तो कॉफीच्या टेबलापाशी भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून. तिथून सगळ्यांचे चेहरे दिसतात.

सोळा विषयांत अडीच तास गेले. बर्फ सारायच्या नव्या नांगरगाडीवर पाऊण तास भांडण झालं, कुत्र्यांच्या परवान्यावर वीस मिनिटं. मग सतरावा. पंचांनी सांगितलं की घर मोडकळीला आलंय, कर कमी होईल. ओडील उठली. तिने काही विनवणी केली नाही. ती म्हणाली, "मी बारा वर्षं तुमच्या माणसांची काळजी घेतली. तुम्ही काय ठरवाल ते मला मान्य आहे. फक्त मोकळ्या मनाने ठरवा." आणि खाली बसली.

अध्यक्ष मॉर्टन टॉड माणूस सरळ आहे. त्याने विचारलं, "चिठ्ठ्यांनी मतदान घ्यावं अशी कोणाची मागणी आहे? असेल तर उभे राहा."

ओडील उठली. पाद्रीबाबा उठले. पोस्टमन, दोघी बहिणी, डॉक्टर. मॉर्टन पेन्सिलीने हवेत मोजत होता. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा."

मी एव्हरेटकडे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता, एकटक. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट होते आणि चेहरा पांढरा पडला होता. अशी विनवणी मी त्याच्या डोळ्यांत पाहिली नव्हती, तो सहा वर्षांचा असताना नदीच्या बर्फातून पाय आत गेला होता त्यानंतर. मला समजलं तो काय म्हणतोय. आई, नको.

"सहा," मॉर्टन म्हणाला. "आणखी कोणी?"

तो थांबला. चांगला थांबला, घाई केली नाही त्याने. मी वाकले आणि गुडघा चोळायला लागले.

"आणखी कोणी नाही? सहाच. मागणी पुरी होत नाही. जे विक्रीच्या बाजूने आहेत त्यांनी होय म्हणावं."

होय म्हणाले. मग हात मोजले. सत्तर विरुद्ध सदतीस. नाहीला मी हात वर केला होता. खांद्यापर्यंत.

नंतर जेवण होतं. माझ्या बीन्स सगळ्यांना आवडल्या.

गुरुवार, ५ मार्च

मी विचार केला, आणि मला वाटतं मी वावगं केलं नाही. नागरिकाला कर्तव्य असतं तसं आईलाही असतंच. ओडीलला निदान लेक आहे, ओहायो आहे. एव्हरेटला कोण आहे? शिवाय चिठ्ठ्या झाल्या असत्या तरी निकाल हाच लागला असता. तेहेतीस मतांचा फरक होता.

हे शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. हात वर करून तेहेतीसचा फरक. चिठ्ठीने किती, ते कोणालाच कधी कळणार नाही. चिठ्ठी असते कशाला, हे मी दर सप्टेंबरला फळ्यावर लिहायचे.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसऱ्या कोणाबद्दल असतं तर मी हेच म्हटलं असतं, आणि मोठ्याने.

मंगळवार, १० मार्च

रात्रभर डोळा लागला नाही, आणि पहाटे आठवलं. फेरविचार! सभेच्या दिवसापासून तीस दिवसांत शेकडा पाच मतदारांच्या सह्यांचा अर्ज दिला, की विषय पुन्हा घ्यावाच लागतो. चारशे बाराचे पाच टक्के म्हणजे एकवीस. एकवीस सह्या, २ एप्रिलच्या आत. गावात हे माहीत असलेली बहुधा मी एकटीच असेन.

चांगल्या कागदावर, चांगल्या अक्षरात अर्ज लिहिला. खाली एकवीस ओळी आखल्या, पट्टी घेऊन. पहिल्या ओळीवर माझी सही हवी. कोऱ्या कागदावर पहिली सही कोणी करत नाही, हा जगाचा नियम आहे.

पेन उचललं. मग वाटलं, आधी एव्हरेटशी बोलावं. मग वाटलं, त्याला विचारलं तर तो कात्रीत सापडेल. कागद पाककृतींच्या डब्यात ठेवला.

शनिवार, २१ मार्च

मेपलच्या झाडांचा रस वाहायला लागला. चर्चमध्ये दरवर्षीचं जेवण झालं: परातीत बर्फ, त्यावर त्या रसाचा गरम पाक, सोबत डोनट आणि गोड उतरायला लोणच्याची काकडी. गेली वीस वर्षं मी आणि ओडील एकाच परातीत खातो. मी कोपऱ्यात बसले होते. ती स्वतःच परात घेऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"गुडघा कसा आहे?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"त्या दिवशी चोळत होतीस. मी सगळ्यांना तेच सांगितलं. हेस्टर उठणारच होती, पण गुडघ्याने दगा दिला."

मी म्हटलं, "हो ना. मेला ऐन वेळी धरला."

"थंडीच तशी होती," ती म्हणाली, आणि तिच्या बाजूचा पाक माझ्याकडे सरकवला. मी खाल्ला.

अर्जाबद्दल बोलले नाही. आणखी बारा दिवस आहेत.

शुक्रवार, २७ मार्च

सहा दिवस.

गुरुवार, २ एप्रिल

गावाची कचेरी चारला बंद होते. पण आज सकाळीसुद्धा निघाले असते तर जमलं असतं. पाद्रीबाबा, पोस्टमन, त्या दोघी, डॉक्टर, ओडील, मी, हे झाले सात. चौदा आणखी. शेतांवरच्या बायका आहेत, त्या मला नाही म्हणाल्या नसत्या. मी शिकवलंय त्यांना.

तीन वाजता कोट घातला. टपालपेटीपर्यंत गेले. रॉयसची गाडी वळणावरून गेली, त्याने हात केला, मीही केला. परत आले. कोट घालूनच स्वयंपाकघरात बसले आणि घड्याळाकडे बघत राहिले. चार वाजले. सव्वाचार झाले.

मी घाबरट बाई आहे. असं लिहून ठेवलं की बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

मंगळवार, १४ एप्रिल

एव्हरेट आला आणि उभ्या उभ्या सांगितलं, "मी रॉयसला नाही म्हणून आलो."

"कशाला नाही?"

"मॅनेजरपदाला."

माझा तोल गेला. मी ओरडले. बावीस वर्षांनी लक्ष्मी दारात आली आणि तू कपाळकरंटा तोंड धुवायला गेलास, असं आणि बरंच काही. तो ऐकून घेत होता.

"पहिलं काम काय दिलं होतं माहितीये? ओडीलचं घर पाडून घ्यायचं. मी माणसं घेऊन जायचं. ज्या छपरावरचा बर्फ पाडतो, ते छप्पर मीच उतरवायचं?" तो म्हणाला. "तुला बरं वाटेल असं वाटलं होतं, आई. मला वाटलं, तू तरी म्हणशील शाबास."

मी शाबास म्हटलं नाही. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की हे बारा दिवस आधी का नाही सांगितलंस रे. पण तसं विचारलं असतं तर डब्यातला कागद दाखवावा लागला असता. तो न जेवता गेला.

सोमवार, २० एप्रिल

समितीला कळवलं की भाषण दुसऱ्या कोणाकडून करवा. कारण विचारलं. प्रकृती, असं लिहिलं.

शनिवार, २ मे

ओडील गेली.

सकाळी सातला एव्हरेटने ट्रक लावला. सामान फार नव्हतंच. मी कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होते, ती खोक्यांवर नावं लिहीत होती. एव्हरेट बाहेर गेलेला पाहून मी म्हणाले, "ओडील, त्या दिवशी गुडघा नव्हता."

तिने लिहिणं थांबवलं नाही. "माहितीये. तुझा उजवा दुखतो. तू डावा चोळत होतीस."

मला बसावंसं वाटलं, पण खुर्च्या ट्रकमध्ये गेल्या होत्या.

"मग तू सगळ्यांना असं का सांगितलंस?"

"तुला या गावात राहायचंय ना." तिने खोक्याला चिकटपट्टी लावली आणि दातांनी तोडली. "आधी राग आला होता, खोटं कशाला सांगू? आठवडाभर तुझं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं. मग म्हटलं, एकतीस वर्षांत शिकवलेलं सगळं करायचं म्हटलं तर कुठल्याच मास्तरणीला जमणार नाही. तुझ्या नवऱ्याचं जिरॅनियम विसरू नकोस. पाणी थोडं घाल, तू नेहमी बदाबदा ओततेस."

मी तिला मिठी मारली. तिनेही मारली, पण आधी सोडली ती तिने. मी अर्जाबद्दलही सांगायला हवं होतं, तेवढं मात्र झालं नाही. तिचा जावई भोंगा वाजवत होता. ती गाडीत बसली आणि पाठीमागे वळून दफनभूमीकडे बघत राहिली, घराकडे नाही.

मोठं सामान घेऊन एव्हरेट रेल्वेच्या मालधक्क्यावर निघाला, मी त्याच्याबरोबर ट्रकमध्ये. वाटेत गिरणी लागली. शनिवार असून करवत चालू होती. त्याने गाडी हळू केली.

"आई, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार."

"गावसभेच्या आदल्या दिवशी मी तुला फोन केला होता. त्याच्या आधी घरी येऊन सात जणांचं विचारलं होतं. मला वाटलं तू मला घेशील त्यांच्यात. तू म्हणालीस, मला काय माहीत. मग मी समजलो, तुझ्या मनात काही वेगळं आहे. कायदा तुला जास्त कळतो." तो समोर रस्त्याकडे बघत होता. "तरी मी वाट बघत होतो. म्हटलं, आई उठली की उठायचं. मी एकटा नव्हतो. फ्लॉइड होता, लेमन होता, आमच्या अख्ख्या बाकाचं आदल्या दिवशी बोलणं झालं होतं. फोरमन उठला की आम्ही उठतो, म्हणाले. नऊ जण माझ्याकडे बघत होते, आणि मी तुझ्याकडे."

मी खिडकीची काच खाली केली, परत वर केली.

"मॉर्टनने किती वेळ दिला, आठवतंय? मी डोळ्यांनी ओरडत होतो तुझ्यावर, ऊठ, ऊठ. मग तू खाली वाकलीस."

मालधक्का आला. त्याने हातब्रेक ओढला आणि कपाटाची दोरी सोडायला लागला. का उठली नाहीस, असं त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही की मी तुझ्यासाठी बसले. जन्मात कधी सांगणार नाही. तो स्वतःलाच दोष देईल, आणि दोष माझा आहे.